फुकेत: दिवसा समुद्र, रात्री बांगला रोड. पाच मैत्रिणींनी मुक्काम कुठं करावा?

निळाई

नमस्कार मंडळी,

आम्ही पाचजणी शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिघी राजारामपुरीतल्या, एक कसबा बावड्यातली, एक लग्न होऊन इचलकरंजीला गेलेली. आजवर आमचा समुद्र म्हणजे मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, नाहीतर आंबोलीवरून उतरून गोवा. तेही कायम घरच्यांबरोबर. पाण्यात पाय बुडवायचे, एक डोळा पोरांवर ठेवायचा आणि दुसरा किनाऱ्यावरच्या पिशव्यांवर. आठला जेवणं, दहाला खोलीत. यंदा फक्त आम्हीच जाणार. आमचं ठरलंय, थायलंडमधलं फुकेत बेट.

काय हवंय ते स्पष्टच सांगते. दिवसा समुद्रात मनसोक्त डुंबायचं आणि रात्री दिवे, गाणी, गर्दी यांत हिंडायचं, नाचायचं. रंकाळ्यावर भेळ खाऊन साडेदहाला घराकडं वळायचं, हे आयुष्यभर केलंय. रात्री बारानंतर एखादं गाव कसं दिसतं हे आम्हाला नवऱ्याच्या किंवा भावाच्या सोबतीशिवाय बघायचंय.

अडचण अशी की एका एजंटानं जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं पॅकेज दिलंय. हिवाळ्याच्या जवळपास निम्म्या दरात. हॉटेल पातोंगच्या किनाऱ्याजवळ, बांगला रोड या बार-क्लबांच्या रस्त्यापासून चालत दोन मिनिटांवर. "पाऊस भुरभुर असतो, समुद्र चालूच असतो," असं तो म्हणतो. पैसे भरायला परवापर्यंतची मुदत आहे. तिकडं जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा. आणि फक्त बायकांनी रात्री फिरणं कितपत बरं, तेही सांगा.

दर्याफिरस्ता

निळाईताई, पैसे भरू नका. निदान जूनचे तरी नकोच.

फुकेतचे नावाजलेले किनारे सगळे पश्चिमेला, अंदमानच्या समुद्राकडं तोंड करून आहेत. उत्तरेकडून खाली येताना बांगताओ, सुरिन, कमला, पातोंग, करोन, काटा, आणि दक्षिण टोकाला नाय हान. आपल्याकडं जूनमध्ये मालवणचा समुद्र ज्या नैऋत्य मोसमी वाऱ्यानं खवळतो, तोच वारा साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत या किनाऱ्यांवर आदळत असतो. पावसाबद्दल एजंट फारसं चुकीचं सांगत नाही. तास-दोन तास झोडपून काढतो आणि मग लख्ख ऊन पडतं. पण अडचण लाटांची आहे. डोक्यावर ऊन असतं, वाळू स्वच्छ असते आणि किनाराभर लाल झेंडे रोवलेले असतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. तुम्ही समुद्रासाठी चाललाय आणि आठवडाभर तो लांबूनच बघून परत याल.

बेटांच्या सहलींचंही तेच. सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंद असतात. फी फी बेटांकडं बोटी जातात, पण समुद्र उठलेला असला की वेगाची बोट प्रत्येक लाटेवर आपटत जाते आणि पाठीचा काटा ढिला होतो. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट उलटली आणि ४७ चिनी पर्यटक गेले. त्या दिवशी हवामानाचा इशारा दिलेला होता. पावसाळ्यात "बोट जाते हो, काळजी नको" असं कुणी म्हटलं की मला तीच बोट आठवते.

नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा हंगाम. नाताळ ते नव्या वर्षाचा पहिला आठवडा सोडा, दर आभाळाला भिडतात. माझ्या मते फेब्रुवारी उत्तम. हवा कोरडी, पाणी स्वच्छ, लाटा मवाळ. मार्च-एप्रिलमध्ये उकाडा वाढतो. तरी १३ एप्रिलच्या आसपास त्यांचं नववर्ष सोंगक्रान येतं, रस्त्यारस्त्यावर पाणी उडवतात, रंगपंचमीवर जीव असेल तर तेही बघण्यासारखं आहे.

बावड्याची_पोहणारी

पाचातली मीच ती बावड्याची. दर्याफिरस्ता दादा, तुमचं पटतंय, पण एक विचारते. मी लहानपणापासून नदीत पोहते. राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पंचगंगा या काठावरून त्या काठावर कितीदा पार केली असेल. वाहत्या पाण्याची भीती अशी कधी वाटली नाही. झेंडे पोहता न येणाऱ्यांसाठी असतात ना? मला पोहता येतं, बाकीच्या चौघी कडेला बसतील. एवढ्यासाठी दुप्पट पैसे का घालवायचे?

लाटवाचक

ताई, तुमच्यासारख्या पोहणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. मी कोल्हापुरातच पोहायला शिकवतो आणि सुट्टीत पोरांना कोकण किनाऱ्यावर नेतो.

नदीला एकच ओढ असते आणि ती डोळ्याला दिसते. तुम्ही तिरपं पोहता, थोडं खाली जाऊन काठ गाठता. समुद्रात तसं नाही. लाटा सतत पाणी किनाऱ्यावर आणून टाकत असतात. ते पाणी परत तर जायला हवं. वाळूच्या बुडालेल्या बांधात जिथं खोलगट फट सापडेल तिथून ते एकवटून खोल समुद्राकडं धावतं. हा प्रवाह जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरच्याही पुढं जातो. तुमच्या-माझ्यासारखा चांगला पोहणारा सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो. म्हणजे तुम्ही किनाऱ्याकडं जीव तोडून हात मारताय आणि किनारा लांबच चाललाय. माणूस बुडतो तो बहुतेक वेळा दमून. प्रवाह त्याला खाली खेचत नाही, फक्त आत नेतो.

सगळ्यात फसवं काय, तर जिथं हा प्रवाह असतो तिथं लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधेच एक गडद, शांत पट्टा. नवखा माणूस तो शांत पट्टा बघून नेमका तिथंच उतरतो. आपल्याकडं गणपतीपुळ्याला दरवर्षी घाटावरची पोहणारी माणसं जातात, ती अशीच.

सापडलाच, तर किनाऱ्याकडं पोहू नका. पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, एक हात वर करा. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरका. तो पट्टा फार रुंद नसतो. बाहेर पडलात की जिथं लाटा फुटतायत तिथून त्यांच्याबरोबर किनाऱ्याकडं या.

हंगामातसुद्धा एखाद-दुसऱ्या दिवशी लाल झेंडा लागू शकतो. जीवरक्षक दिवसभरच असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागावर त्यांची नजर असते, तिथंच उतरायचं. रात्री बांगला रोडवरून आल्यावर "चल गं, एक डुबकी मारू" हे अजिबात नको, मग कुणी दारू घेतलेली नसली तरी. अंधारात तुम्हाला कुणी बघत नसतं.

आणि किनाऱ्यावर निळ्या पाट्या दिसतील, त्सुनामी आली तर कुठल्या वाटेनं उंचावर जायचं ते दाखवणाऱ्या. २६ डिसेंबर २००४ ला पातोंगच्या रस्त्यापर्यंत पाणी घुसलं होतं. हॉटेलात उतरलात की एकदा ती वाट नजरेखालून घाला.

बावड्याची_पोहणारी

लाटवाचक सर, मनापासून आभार. गडद पट्ट्याचं कुणी कधी सांगितलं नव्हतं. जून रद्द. निळाईला फोन केला.

गुलाबी_छत्री

आता रात्रीचं आणि मुक्कामाचं मी सांगते. आम्ही बहिणी-बहिणी गेलो होतो, बरोबर एकही पुरुष नव्हता. पुन्हा जायला मी आजही तयार आहे.

पातोंगला राहू नका. बांगला रोड बघायलाच हवा, पण त्याच्या उशाला झोपायची गरज नाही. दोन मिनिटांवरच्या हॉटेलात पहाटे तीन-चारपर्यंत भिंती धडधडतात. डिसेंबर २०२३ पासून फुकेतमधल्या परवाना असलेल्या क्लबना पहाटे चारपर्यंत मुभा आहे, त्यामुळं लवकर शांत होईल ही आशाच नको. सकाळचा पातोंगचा किनाराही तुमच्या कामाचा नाही. लांबलचक आहे, वाळू छान आहे, पण पाण्यात जेट स्की आणि पॅराशूटवाल्या बोटी, वाळूत खुर्च्या. डुंबायला मोकळी जागा शोधावी लागते.

काटाला राहा. पातोंगपासून दक्षिणेला टॅक्सीनं वीसेक मिनिटं. अर्धगोलाकार किनारा, समोर एक चिमुकलं हिरवं बेट, पाणी हळूहळू खोल होत जाणारं. त्याच्या पलीकडच्या खाडीत काटा नोई, आणखी शांत. काटाच्या दक्षिण टोकाला खडकांपाशी संध्याकाळी गाणी लावतात, पोरं आगीचे गोळे फिरवतात. आमच्या रात्रींपैकी सगळ्यात जास्त नाचलो ते तिथं, वाळूत, अनवाणी. शेजारी एक सत्तरीतल्या आजी नातवाबरोबर नाचत होत्या. आपल्या वयाकडं तिथं कुणी ढुंकून बघत नाही.

आता बांगला रोड. जेमतेम चारशे मीटरचा रस्ता, किनाऱ्यापासून सरळ आत जाणारा. संध्याकाळी सहाच्या सुमारास अडथळे लावून गाड्या बंद करतात आणि मग सगळा रस्ता चालणाऱ्यांचा. डोक्यावर निळ्या-गुलाबी पाट्या, दोन्ही बाजूंनी वेगवेगळी गाणी, मध्ये उभं राहिलं की दोन्ही कानांत दोन ताल. एका कोपऱ्यावर रोटीवाली होती. गोळा हातावर आपटत आपटत इतका पातळ करायची की पलीकडचा दिवा दिसावा, मग तव्यावर टाकून आत केळं, अंडं, वरून दुधाची धार. आम्ही तिच्यासमोर किती वेळ उभ्या होतो कुणास ठाऊक. एका बारमध्ये चार पोरांचा वाद्यवृंद जुनी इंग्रजी रॉक गाणी वाजवत होता, दाराशी उभं राहून ऐकायला काही पैसे पडत नव्हते, आत बसलो तर फक्त पेयाचे. लहान मुलांना खांद्यावर घेतलेली कुटुंबंही त्याच रस्त्यावरून जातात. घाबरण्यासारखं मला काही दिसलं नाही, सावध राहण्यासारखं मात्र होतं.

सावध म्हणजे असं. हातात छापील कार्ड घेऊन "शो, शो" म्हणत मागं लागणारे असतात. त्यांच्यामागं जिना चढू नका. खाली फुकट सांगतात आणि वर बसल्यावर एकेका पेयाचं अवाच्या सवा बिल लावतात. प्लॅस्टिकच्या बादलीत दारू आणि सोडा मिसळून देतात, ती बादली घेऊ नका, किती जातं ते कळत नाही. पेला स्वतःसमोर भरून घ्यायचा, खाली ठेवून नाचायला जायचं नाही. नाचायला चौघी गेल्या तर एकजण टेबलावर, पाळीपाळीनं. क्लबात वीस वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, ओळखपत्र मागू शकतात, म्हणून पासपोर्टची प्रत जवळ ठेवा आणि मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. परतताना ॲपवरून गाडी बोलवा. रस्त्यावरच्या टुकटुकचे दर रात्री फार चढे असतात, बसायचंच असेल तर आकडा आधी ठरवून घ्या.

बघण्यासारखा आणखी एक कार्यक्रम म्हणजे तृतीयपंथी कलाकारांचा नाचगाण्याचा प्रयोग. भरजरी पोशाख, देशोदेशीची गाणी, आणि मेहनत दिसते. प्रयोगानंतर ते बाहेर उभे राहतात, त्यांच्याबरोबर फोटो काढला की टीप द्यायची पद्धत आहे. ती आनंदानं द्या.

उत्तरेश्वर_पेठ

ताई, राग मानू नका. मला हे सगळं वाचून अस्वस्थ वाटलं. बांगला रोडच्या आतल्या गल्ल्यांत काय चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोरीबाळी दारात उभ्या असतात. तिथं मौज म्हणून जायचं आणि रोटी खाऊन परत यायचं, हे मनाला पटत नाही. समुद्र बघा, देवळं बघा, रात्री हॉटेलच्या गच्चीवर गाणी लावा. घरच्या बायकांनी तिथं जाण्यात मला तरी काही दिसत नाही.

निळाई

उत्तरेश्वर दादा, राग नाही. पण "घरच्या बायका" हा शब्द टोचला. आमच्या घरचे पुरुष बँकॉक-पटायाला जाऊन आलेत, तेव्हा कुणी विचारलं नाही की घरच्या पुरुषांनी तिथं का जावं. आम्ही कुणाला विकत घ्यायला जात नाही. गाणी ऐकायला, नाचायला जातोय. गच्चीवर गाणी लावायला कोल्हापूर सोडायची काय गरज?

गुलाबी_छत्री

उत्तरेश्वर दादांची अस्वस्थता मला समजते, मीही ती घेऊनच त्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. थायलंडमध्ये देहविक्री कायद्यानं गुन्हा आहे, १९९६ चा कायदा आहे, तरी ती डोळ्यांदेखत चालते. तिथं काम करणाऱ्या कितीतरी जणी ईसानच्या, म्हणजे थायलंडच्या ईशान्येकडच्या शेतकरी घरांतल्या असतात. भाताच्या शेतावर भागत नाही म्हणून आलेल्या. एका बारच्या पायरीवर दोघी बसून डब्यातलं जेवत होत्या, कामावर जायच्या आधी. एक दुसरीच्या केसांत क्लिप लावत होती. पलीकडून आपल्याच देशातल्या चार-पाच पुरुषांनी मोबाईल त्यांच्यावर रोखला होता आणि खिदळत होते. मला त्या बायकांची लाज वाटली नाही. लाज वाटली ती त्या घोळक्याची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. त्या रस्त्यावर जा, पण कुणाच्या तोंडावर कॅमेरा धरू नका, बोट दाखवून हसू नका. खर्च करायचा तो गाणी वाजवणाऱ्यांच्या बारमध्ये, रोटीवालीकडं, मालिशवालीकडं करा. मालिश करणाऱ्या साध्या दुकानांत दाराशीच दरपत्रक असतं, पाय चोळून घ्या, दिवसभराचा शीण जातो.

उत्तरेश्वर_पेठ

गुलाबी छत्री ताई, घोळक्याचं लिहिलंत ते वाचून गप्प झालो. माझ्या ओळखीतली पोरं असेच व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकतात आणि लोक हसतात. त्यांना मी बोललो नाही, आणि इथं तुम्हाला सांगायला आलो. निळाईताई, तुम्ही जा. ग्रुपवर काय बोलायचं ते मी बोलतो.

गुजरीतला_शाकाहारी

खाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाचातल्या कुणी शाकाहारी असतील तर लक्षात घ्या, थाई स्वयंपाकात भाजीतसुद्धा माशाचा रस आणि सुक्या कोळंबीचं वाटण पडतं. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. तिकडं "जे" म्हणून शब्द आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. जे म्हणजे मांस-मासे नाहीत, अंडी-दूध नाही, कांदा-लसूणही नाही. आमच्यासारख्या जैन घरातल्या माणसाला परदेशात असा शब्द सापडणं म्हणजे मोठा आधार होता. कंदमुळांचं मात्र वेगळं विचारावं लागतं.

फुकेतच्या चिनी वंशाच्या लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो, त्यांच्या नवव्या महिन्याच्या सुरुवातीला. २०२३ आणि २०२४ मध्ये तो आपल्या नवरात्राच्याच दिवसांत आला होता. इकडं अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगा आणि तिकडं पांढरे कपडे घालून रस्त्यावर उतरलेलं अख्खं गाव, असं एकाच वेळी चाललेलं असतं. काही वर्षी त्यांचा अधिक महिना आला की तारखा महिन्यानं पुढं जातात. अंगात आलेले लोक गालांतून सळया आरपार काढून मिरवणुकीत चालतात, ते बघायला मन घट्ट लागतं. तेवढे नऊ दिवस मात्र गल्लोगल्ली शाकाहारी जेवण.

मांसाहारी असाल तर दक्षिण थायलंडचं जेवण कोल्हापूरकरांनी जरूर खावं. खुआ क्लिंग नावाचं सुकं मटण-कोंबडीसारखं प्रकरण मित्रानं खाल्लं. तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस, पण दुसऱ्या घासाला पाणी मागितलं. तिकडचा तिखटपणा ओल्या मिरचीचा आणि काळ्या मिरीचा, आपल्या कांदा-लसूण चटणीसारखा खमंग नाही, सरळ जिभेला लागतो. युनेस्कोनं २०१५ मध्ये फुकेतला खाद्यसंस्कृतीच्या शहरांच्या यादीत घेतलंय ते उगीच नाही.

दर्याफिरस्ता

एक रात्र जुन्या फुकेत शहरासाठी ठेवा, ही माझी आग्रहाची सूचना. ते पूर्वेकडं आहे, तिथं किनारा नाही, म्हणून पॅकेजवाले दुपारी तासभर उतरवून फोटो काढायला लावतात. खरी गंमत रविवारी संध्याकाळी. थलांग रोड चालणाऱ्यांसाठी मोकळा करतात आणि दोन्ही बाजूंनी बाजार भरतो. कथलाच्या खाणींच्या पैशावर उभी राहिलेली ही घरं, खाली दुकान, वर राहणं, पुढं कमानींचा ओटा असा सलग की पाऊस आला तरी आडोशानं चालत राहता येतं. शाळेची पोरं मधेच उभी राहून वाद्यं वाजवतात. बांगलाच्या गोंगाटापेक्षा ही रात्र तुम्हा पाचजणींना जास्त भावेल, असं मला वाटतं.

आणि विमानतळावरून येताना थलांगजवळच्या चौकात एक पुतळा लागतो, तिथं ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगा. दोन बहिणी, चान आणि मूक. १७८५ मध्ये ब्रह्मदेशाचं सैन्य चालून आलं, गावचा कारभारी नुकताच वारलेला. त्याची बायको चान आणि तिची बहीण मूक यांनी माणसं गोळा केली आणि बेट राखलं. बायकांना सैनिकांचे कपडे घालून तटावर फिरवलं, म्हणजे शत्रूला फौज मोठी वाटावी, असं तिकडं सांगतात. राजानं पुढं दोघींना मानाच्या पदव्या दिल्या. येणारे-जाणारे अजून हात जोडतात. आपल्या कावळा नाक्यावर घोड्यावरची ताराराणी बघत मोठं झालेल्या माणसाला ती जागा परकी वाटत नाही.

निळाई

दर्याफिरस्ता दादा, हे एजंटानं सांगितलंच नव्हतं. पुतळ्यापाशी आम्ही उतरणारच.

ठरलं ते लिहिते. फेब्रुवारी. मुक्काम काटाला. बांगला रोडच्या दोन रात्री, एक रविवार जुन्या शहरात, बाकी संध्याकाळी काटाच्या वाळूत. फी फीला एक दिवस. एजंटाला नाही कळवलंय, तिकिटं स्वतःच काढणार. इचलकरंजीवालीनं विचारलंय की तिकडं स्कूटर भाड्यानं मिळते म्हणतात, ती घ्यावी का? आणि फी फीतल्या माया बे या खाडीत पोहता येतं का?

लाटवाचक

माया बेला पोहायला मनाई आहे, गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं. २०१८ ते २०२२ तो किनारा पूर्ण बंद ठेवला होता, रोजच्या हजारो पर्यटकांनी आणि बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडलं होतं. आता दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद ठेवतात. बंदीनंतर खाडीत लहान शार्क परत आलेत, काठावरून दिसतात. पोहायचं ते त्याच सहलीतल्या दुसऱ्या थांब्यांवर, जाकीट घालून. सकाळची पहिली बोट घ्या.

स्कूटर नको. कोल्हापूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, पण त्यात दुचाकीची नोंद हवी, नाहीतर अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. आणि काथूहून पातोंगला उतरणारा डोंगरातला रस्ता तीव्र उताराचा आहे, तिथं अपघात होतात. गाडी डावीकडूनच चालते हे खरं, पण रात्रीच्या परतीला स्कूटर नकोच.

गुलाबी_छत्री

जेट स्कीही नको. परत केल्यावर आधीचाच ओरखडा दाखवून नुकसानभरपाई मागण्याचे प्रकार तिथं बरेच होतात. कुणी हट्ट धरलाच तर आधी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. किनाऱ्यावर सिगारेट ओढायला बंदी आहे, दंड एक लाख बाहतपर्यंत होऊ शकतो, आणि ई-सिगारेट तर देशातच चालत नाही. कुणाच्या पोरानं "आण" म्हणून सांगितलं असेल तर सरळ नाही म्हणा.

विमानतळावरून काटाला जायला स्मार्ट बस आहे, पश्चिम किनाऱ्यानं सगळे थांबे घेत जाते. वेळ लागतो, पण टॅक्सीच्या मानानं फारच स्वस्त. बेट केवढं आहे त्याचा अंदाज असू द्या, उत्तर-दक्षिण जवळपास ४८ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ते सांगली. पाचजणी असाल तर मोठी टॅक्सी वाटून घेणं परवडतं. ती घ्यायची कारण पुतळा टॅक्सीनंच नीट बघता येईल.

निळाई

एक शेवटचं. कॅलेंडरात माघी पौर्णिमा दिसतेय, त्या दिवशी तिकडं दारूबंदी असते असं कुणीतरी सांगितलं. आमच्यातल्या दोघीच घेतात, पण बारच बंद असले तर गाणीही नाहीत. खरं आहे का?

दर्याफिरस्ता

खरं आहे. माघ, वैशाख आणि आषाढ पौर्णिमेला त्यांचे बुद्धाचे सण असतात. त्या दिवशी दारूविक्रीवर निर्बंध असतात. २०२५ पासून हॉटेलांना आणि परवाना असलेल्या करमणुकीच्या जागांना सवलत मिळालीय, तरी काही बार बंद असू शकतात. मात्र त्यांचं पंचांग काही वर्षी आपल्या पंचांगापेक्षा महिन्यानं पुढं असतं, त्यामुळं कालनिर्णय बघून ठरवू नका. "माखा बुचा" या नावानं त्या वर्षीची तारीख शोधा आणि बांगलाच्या दोन्ही रात्री ती सोडून धरा. तो दिवस त्याच सहलीत आला तर संध्याकाळी वाट चलोंग या देवळात जा. लोक फुलं, उदबत्ती, मेणबत्ती घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालतात. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे लागतात, एखादी ओढणी पिशवीत टाका.

व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, तिकीट काढायच्या दिवशी थाई वकिलातीच्या संकेतस्थळावर बघून घ्या. १ मे २०२५ पासून आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

बावड्याची_पोहणारी

तिकिटं काढली. मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेस, तिथून थेट फुकेत. लाटवाचक सर, जायच्या आधी एका रविवारी आम्हा पाचजणींना पाठीवर तरंगायला शिकवाल का? चौघींना पोहता येत नाही.

लाटवाचक

या की. सकाळी सहाला. पाचहीजणी या, पोहणारीनंही यायचं.